तळातला बोल्ट

शिडाची नौका म्हटली की वाऱ्याने फुगलेले शीड डोळ्यांपुढे येते. पण ती उलटत नाही, याचे श्रेय पाण्याखालच्या वजनाला आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात बांधू लागलेली ‘कॅटालिना ३०’ ही तीस फुटी नौका घ्या. तिच्या बुडाखाली शिशाचे एक उभे, जड पाते असते. त्याला कील म्हणतात. त्याचे वजन सुमारे १,९०० किलो. नौका कलली की हेच वजन तिला सरळ करते, आणि हा सारा भार मोजके बोल्ट पेलतात. त्यांची खालची टोके शिशात ओतलेली असतात. वरची टोके बुडातून आत येतात आणि तेथे नटाने आवळलेली असतात.

हे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. मग ते गंजतात कसे? या पोलादावर एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. तोच त्याचे रक्षण करतो, आणि तो टिकण्यास प्राणवायू लागतो. बूड व कील यांच्या सांध्यातला मसाला सुटला की तेथे खारे पाणी शिरून साचते. साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो, पापुद्रा तुटतो आणि मीठ धातू कुरतडू लागते. म्हणून वर नट चकचकीत दिसतो आणि खाली सांध्यापाशी बोल्ट झिजून बारीक झालेला असतो. आरंभीच्या कॅटालिना नौकांत आणखी एक दुखणे होते. नटाखालच्या बुडात प्लायवूड घातलेले असे. ते कुजले की दबते आणि नट आपोआप ढिला पडतो.

याची लक्षणे तीन. सांध्याच्या पुढच्या टोकाला तडा जातो, त्याला ‘कॅटालिनाचे हसू’ असे नाव पडले आहे. नटाभोवती तांबूस ओघळ दिसतात. आणि नौकेच्या पोटात पाणी साचते. ते गोडे असेल तर पावसाचे किंवा टाकीतले असण्याचा संभव आहे. खारे असेल तर ते समुद्राचे. मग त्याची वाट शोधलीच पाहिजे.

कोणी म्हणेल, पाना घ्यावा आणि नट आवळावा. पण झिजलेला बोल्ट आवळताना तुटतो, आणि कुजलेले लाकूड आणखी चिरडते. वरून मसाला थापला तर पाणी आतच कोंडते. खरी दुरुस्ती अशी: नौका बाहेर काढून कील टेकवावी आणि नौकेला आधार द्यावा. नट सोडून बूड कीलपासून काही इंच उचलावे. जुना मसाला खरवडावा, बोल्ट उघडे करून तपासावेत, कुजके लाकूड काढून तेथे काचतंतू व इपॉक्सी भरावे. बोल्ट सांध्यापाशी झिजला असेल तर शेजारी नवा घालावा. त्यासाठी शिशाच्या कुशीत एक खाच करावी, आतून तिथवर भोक पाडावे, बोल्ट सोडून खाचेत वायसर व नट बसवावा आणि खाच बुजवावी. मग नवा मसाला घालून, वरच्या नटांखाली रुंद, जाड पट्ट्या ठेवून, सगळे नट आळीपाळीने, थोडे थोडे, बांधणाऱ्याने सांगितलेल्या मापापर्यंत ताण मोजणाऱ्या पान्याने आवळावेत.

एवढा खटाटोप कशासाठी? मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ ही ब्रिटिश नौका अँटिग्वाहून इंग्लंडला परत निघाली होती. भर अटलांटिकमध्ये तिच्यात पाणी येऊ लागले. तसे किनाऱ्यावर कळवल्यानंतर तिचे कील निखळले, ती उलटली आणि चौघे गेले. ती काही जुनी नव्हती, २००६ साली बांधलेली होती. ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी विभागाने २०१५ च्या अहवालात म्हटले की, पूर्वी तळ घासल्याने आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी कीलची बांधणी कमजोर झाली असावी.

कामगारांत वावरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला यातला मुद्दा ओळखीचा वाटतो. गिरणी असो की नौका, जो भाग दिसत नाही त्याची तपासणी पुढे ढकलली जाते, कारण तीत कामाचे दिवस आणि पैसा जातो. तो हिशेब मालक करतो. धोका मात्र वर उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला येतो. म्हणून नौकेवर चढणाऱ्या प्रत्येकाला विचारण्याचा हक्क आहे: तळातले बोल्ट शेवटचे कधी पाहिले, आणि कोणी पाहिले? उत्तर मिळेपर्यंत शीड उभारू नये.