सर्व्हर बदलला, नाव राहिलं

घर बदललं की सामान एका दिवसात हलतं. पण बँकेत, रेशनकार्डावर, नातेवाइकांच्या वहीत जुनाच पत्ता कितीतरी दिवस राहतो. एखादं मोठं ॲप्लिकेशन आणि त्याचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर नेताना हेच होतं. मी साहित्य शिकते, पण हा प्रश्न मला निम्मा व्याकरणाचाच वाटतो, म्हणून इथे मांडते.

आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊया : मूडल. मार्टिन डूगियामास यांनी ऑस्ट्रेलियात घडवलेल्या या प्रणालीची पहिली आवृत्ती २००२ साली आली. तिचे तीन भाग असतात : प्रोग्राम, डेटाबेस आणि अपलोड झालेल्या फाइलींचं फोल्डर. तुमचा निबंध फोल्डरमध्ये असतो. तो कुणाचा, कधी आला, किती गुण मिळाले ही नोंद डेटाबेसमध्ये. म्हणून दोन्ही एकाच वेळी हलवावे लागतात.

प्रोग्रामच्या कॉन्फिग फाइलीत दोन ओळी महत्त्वाच्या. पहिली सांगते, डेटाबेस कुठल्या मशीनवर आहे. ती जुनीच राहिली आणि जुनं मशीन चालू असलं, तर काहीच एरर येत नाही! साइट नवी दिसते, पण असाइनमेंटच्या नोंदी जुन्या डेटाबेसमध्ये पडत राहतात. मग कुणीतरी ते मशीन पुसतं, आणि तेवढ्या दिवसांच्या नोंदी गेल्या.

दुसरी ओळ म्हणजे साइटचा वेबपत्ता. ती बदलली नाही, तर नव्या पत्त्यावर गेलेल्याला मूडल जुन्या पत्त्यावर पाठवतं. तपासणाऱ्याला वाटतं, सगळं छान चाललंय. तो बघत असतो जुनाच सर्व्हर.

आता व्याकरण. सर्व्हरचं नाव हे विशेषनाम. पण पहिल्या ओळीत कधी कधी 'लोकलहोस्ट' असं लिहिलेलं असतं, म्हणजे 'हेच मशीन'. हे सर्वनाम झालं. बोलणारा बदलला की 'मी'चा अर्थ बदलतो, तसंच इथे. ॲप्लिकेशन आणि डेटाबेस एकाच मशीनवर राहिले तर 'लोकलहोस्ट' चालतं; दोघांना वेगळं केलं की ते खोटं ठरतं.

तिसरी जागा मजकुरातली. धड्यात अपलोड केलेल्या चित्राचा पूर्ण पत्ता मूडल साठवत नाही, फक्त एक खूण ठेवतं. त्यामुळे ते चित्र नव्या घरीही दिसतं. पण सरांनी किंवा मॅडमनी हाताने चिकटवलेली पूर्ण लिंक जुन्याच नावाची राहते. ती बदलायला मूडलमध्ये शोधा-आणि-बदला साधन आहे, पण आधी बॅकअप हवाच. शिवाय नाव पूर्ण शोधावं. 'वन'च्या जागी सरसकट 'रान' केलं, तर 'जीवन'चं 'जीरान' होईल.

मग क्रम असा : साइट मेन्टेनन्समध्ये टाका, जुन्या सर्व्हरवरची आपोआप चालणारी कामं थांबवा, डेटाबेस आणि फोल्डरची प्रत घ्या, नव्या जागी उतरवा, दोन्ही ओळी आणि मजकूर बदला, कॅशे साफ करा. शेवटी जुनं मशीन नेटवर्कमधून काढा, पण पुसू नका. जे बंद पडेल, ते अजून जुन्या नावाने हाक मारत होतं.

यापेक्षा शहाणपणाची गोष्ट म्हणजे मशीनला नाही, कामाला नाव देणं. आपण अर्ज 'मा. प्राचार्य' या पदाला लिहितो. व्यक्ती बदलली तरी तो पोचतो. तसंच डीएनएसमध्ये डेटाबेससाठी एक पदनाम ठेवलं, की पुढच्या वेळी ते कुठल्या मशीनकडे जातं एवढंच बदलायचं.

आणि आपण? साइट हलवणार अशी नोटीस लागली, तर दिलेल्या वेळेआधी काम जमा करा. साइट परत सुरू झाली की आपली एक जुनी असाइनमेंट उघडून बघा. ती उघडत नसेल तर लगेच सांगा, जुनं मशीन शाबूत आहे तोवर.