महासाथ, विज्ञान आणि लोकस्वास्थ्य : प्रयोगशाळेपासून उंबरठ्यापर्यंत

प्रस्तावना

राजगडाच्या पाली दरवाजाला ज्या गावाचे नाव लाभले, ते पाली हे वेल्हे भागातील डोंगरकुशीतले गाव होय. याच जिल्ह्यातील पुणे शहर विषाणूसंशोधन व लसनिर्मिती यांचे देशातील प्रमुख केंद्र आहे. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले ज्ञान अशा गावाच्या उंबरठ्यापर्यंत कोणाच्या हातून पोहोचते, यावर महासाथीतील विज्ञानाचे यश अवलंबून असते. प्रस्तुत लेखात १८९७ व २०२० या दोन साथींच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

प्लेग : अपुरे ज्ञान आणि सक्ती

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच अल्पावधीत लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. साथीमुळे संशोधनास गती मिळते, याचे हे ठळक उदाहरण होय. तथापि उंदरांवरील पिसवांमार्फत हा रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविले. अर्थात पुण्यात उपाययोजना आखली गेली, तेव्हा प्रसाराचा मार्गच उमगलेला नव्हता. ज्ञानातील ही उणीव शासनाने सक्तीने भरून काढू पाहिली. सैनिकांकरवी घरांच्या झडत्या झाल्या आणि रुग्णांना बळाने हलविले गेले. परिणामी लोक रुग्ण लपवू लागले. हा असंतोष इतका विकोपास गेला की, २२ जून १८९७ रोजी प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. याच साथीत रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सक्ती आणि शुश्रूषा ही एकाच काळाची दोन रूपे होत.

कोविड : उंबरठ्यावरील आशाताई

महाराष्ट्रातील पहिले कोविडरुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्याच महिन्यात विषाणू वेगळा केला आणि १६ जानेवारी २०२१ पासून देशात लसीकरण सुरू झाले. राज्याने या वेळीही आधार घेतला तो १८९७ च्याच साथरोग कायद्याचा. फरक होता तो दारावर येणाऱ्या व्यक्तीत. सप्टेंबर २०२० मधील ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी गेल्या त्या आशाताई व आरोग्य कर्मचारी. घराघराची माहिती असलेली गावातलीच बाई ताप व प्राणवायूची पातळी मोजते, तेव्हा तपासणीला झडतीचे रूप येत नाही.

दैनंदिन जीवनावरील परिणाम

आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे. टाळेबंदीत शहरातील रोजगार थांबला आणि अनेकजण गावी परतले. गडावर येणाऱ्या पर्यटकांवरील मिळकत बंद झाली. शाळा भ्रमणध्वनीवर गेल्या. मात्र डोंगरी वस्त्यांत संपर्कयंत्रणा मिळणे हीच अडचण होती. अंत्यविधीस मोजकेच आप्त उपस्थित राहू शकल्याने शोकही एकाकी झाला. लसीने रोगाची तीव्रता घटली, परंतु या हानीवर लस नव्हती. तिच्यावर उतारा शेजारधर्म, सुरळीत शिधावाटप व वेळेवर मिळणारी खरी माहिती यांतूनच मिळू शकत होता.

निष्कर्ष

लस ही विज्ञानाची निर्मिती आहे. लसीकरण मात्र विश्वासाचा व्यवहार आहे. हा विश्वास साथ आल्यावर निर्माण करता येत नाही, तो आधीच्या शांत काळात जोपासावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडविषयक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तो शांत काळ तेव्हापासून सुरू झाला आहे. आरोग्य उपकेंद्रे सक्षम ठेवणे व आशाताईंना योग्य मोबदला देणे, हे त्यातील शासनाचे काम होय. राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामीण शिबिरांतून साथीविषयीचे शास्त्रीय ज्ञान गावाच्या बोलीत नेणे, ही महाविद्यालयांची जबाबदारी ठरते.