तीन बाटल्या

अमेरिकेतील फ्लिंट शहराला एप्रिल २०१४पासून नदीचे पाणी मिळू लागले, पण त्यात नळाच्या आत संरक्षक थर धरणारे फॉस्फेट घातले जात नव्हते. जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरू लागले. अधिकारी मात्र पाणी सुरक्षित म्हणत होते. २०१५मध्ये व्हर्जिनिया टेकच्या विद्यार्थ्यांनी सुमारे ३०० घरांना बाटल्या पाठवल्या. नमुने रहिवाशांनीच घेतले: रात्रभर थांबलेले पहिले पाणी, मग ४५ सेकंदांनी, मग दोन मिनिटांनी. तीनदा कशाला? पहिल्या बाटलीत घरातल्या नळाचे पाणी येते, नंतरच्यांत रस्त्याकडून येणाऱ्या नळाचे. प्रात्यक्षिकाचा असा तास आम्हांला तरी कधी मिळाला नाही! दहातल्या एका घरी शिसे अब्ज भागांत २५हून अधिक निघाले. कारवाईची मर्यादा १५ होती. ऑक्टोबर २०१५मध्ये शहराने जुने पाणी पुन्हा घेतले.