दुवा, प्रत आणि परवानगी
मार्च २०२० च्या टाळेबंदीत ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील महाविद्यालयांचे वर्ग बंद झाले, तेव्हा झेरॉक्स काढून वाटल्या जाणाऱ्या टिपणांना गूगल क्लासरूमसारख्या अभ्यासक्रम-पानांचा आधार शोधावा लागला. ड्राइव्हवरचा, म्हणजे इंटरनेटद्वारे दूरच्या संगणकावर साठवलेला दस्तऐवज तेथे जोडला जातो तो दुव्याच्या रूपाने. त्यामुळे मूळ टिपणातील चूक एकदा दुरुस्त केली की ती सर्वांपर्यंत पोहोचते, पण मूळ फाइल पुसली गेली तर सर्वांचीच वाट अडते. शिक्षकाचा खरा कस परवानगी ठरवताना लागतो: केवळ वाचनाची मुभा, एकाच प्रतीत सर्वांना लेखनाची मुभा, की प्रत्येकाला स्वतंत्र प्रत? गृहपाठासाठी तिसराच पर्याय इष्ट असून तो गृहपाठ देण्यापूर्वीच निवडावा लागतो. लोकलच्या गर्दीत मोबाइलवर वाचणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी जड पीडीएफ प्रकरणवार विभागून जोडणे केव्हाही श्रेयस्कर.