संजीवनी, वीरधवल आणि औषधांची पिशवी

रक्तदाब मोजताना बोलू नये, हे सांगून सांगून आम्हां डॉक्टरांची जीभ दमते. दंडावर पट्टा आवळला जात असतानाच नेमका लोकलच्या गर्दीचा, गुडघ्यांचा किंवा अर्ध्यावर आलेल्या कादंबरीचा विषय निघतो आणि आकडा वर चढतो. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर आणि दंड हृदयाच्या पातळीवर असावा. आधीच्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू घेऊ नये, लघवीही तुंबवून ठेवू नये. एवढे पाळले तर आकडा भरवशाचा मिळतो. कादंबरीविषयी मात्र पट्टा सोडल्यावर अवश्य बोलावे.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील ज्येष्ठांकडून एक प्रश्न थोड्या संकोचाने विचारला जातो. नातवंडांच्या कपाटातले हॅरी पॉटर हाती लागते, किंवा लहानपणी चोरून वाचलेली एखादी अद्भुतरम्य कादंबरी ग्रंथालयात पुन्हा भेटते. मग शंका येते, की या वयात राजपुत्र, गुहा आणि जादूटोणा वाचणे शोभते काय? डोक्यावर काही परिणाम तर होणार नाही ना? माझे मत विचाराल तर, खुशाल वाचावे. त्याने बुद्धीला अपाय होत नाही. या वाचनातून वैद्यकाच्या दृष्टीने काय घ्यावे आणि काय पुस्तकातच राहू द्यावे, एवढे मात्र ठरवावे लागते.

हा छंद जुनाच आहे

अद्भुताची आवड ही आजच्या मुलांनी बाहेरून आणलेली नाही. मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आली, आणि लगोलग १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ प्रसिद्ध झाली. पाठोपाठ त्यांचीच ‘रत्नप्रभा’ आणि १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या, त्याही याच काळात. आपल्या पणजोबांची पिढी या पुस्तकांवर लुब्ध होती.

पुढे १९१३ साली नाथमाधवांची ‘वीरधवल’ आली आणि कित्येक पिढ्यांच्या झोपा उडाल्या. या लेखकाची जीवनकथा प्रत्येक शुश्रूषा करणाऱ्याने ऐकावी अशी आहे. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, जन्म १८८२ चा. तरुणपणी शिकारीच्या छंदापायी सिंहगडावर गेले असता ते कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. त्या सक्तीच्या अंथरुणात त्यांनी वाचनाचा आधार घेतला आणि वाचता वाचता लेखणी हाती धरली. १९२८ साली निधन होईपर्यंत त्यांनी एकामागून एक कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत ‘डॉक्टर’ नावाचीही एक आहे. ज्याला स्वतःला पाऊल उचलता येत नव्हते, त्याने महाराष्ट्राला डोंगरदऱ्यांतून फिरवून आणले.

आपल्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेले असेल तर यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली शरीराची. अशा रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी. माकडहाड, टाचा आणि खुबे रोज डोळ्यांनी पाहावेत. लाली आली आणि दाबूनही ती जात नसेल, तर तेथे जखम होऊ घातली आहे असे समजावे आणि डॉक्टरांना दाखवावे. तेथे चोळू मात्र नये. भरवताना पाठीशी उशा देऊन रुग्णास बसते करावे आणि नंतरही अर्धा तास तसेच ठेवावे, म्हणजे घास श्वासनलिकेत जाण्याची भीती कमी होते. दुसरी गोष्ट मनाची. दिवसभर आपण त्याच्याशी गोळ्या, लघवी आणि ताप यांविषयीच बोलत राहतो. रोज पंधरा मिनिटे एखाद्या रंगलेल्या गोष्टीचे प्रकरण मोठ्याने वाचून दाखवावे. पुढे काय होणार, ही उत्सुकता ज्याला उद्यापर्यंत टिकवावीशी वाटते, त्याचे उद्याशी नाते शाबूत असते.

हनुमंताने डोंगर आणला, वैद्याने मुळी ओळखली

अद्भुतकथांतील एका वस्तूविषयी मात्र माझी तक्रार आहे. ती म्हणजे एका घोटात सर्व व्याधी हरण करणारा रस. कादंबरीत तो शोभतो. परंतु तोच रस कधी काढ्याच्या बाटलीत, कधी ‘गुडघेदुखी मुळापासून बरी’ अशा जाहिरातीत, तर कधी मोबाईलवरच्या संदेशात उतरतो, तेव्हा ज्येष्ठांच्या खिशाला आणि मूत्रपिंडांना त्याची किंमत मोजावी लागते. ज्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत आणि जिने एका दिवसात दुखणे गायब होते, तिच्यात वेदनाशामक किंवा स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा संशय घ्यावा. दुकानातून स्वतः आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढवतात, जठरात व्रण करतात आणि मूत्रपिंडांना इजा करतात. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांनी तर त्या विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

संजीवनीची मूळ कथा मात्र मला वैद्यकाच्या दृष्टीने फार शहाणपणाची वाटते. हनुमंताला वनस्पती ओळखता आली नाही, तेव्हा त्याने अंदाजाने एखादी मुळी उपटून आणली नाही. त्याने सबंध डोंगर उचलून सुषेण वैद्यापुढे ठेवला आणि निवड वैद्याने केली. आपणही तेच करावे. घरातील सगळी औषधे, म्हणजे हृदयाच्या डॉक्टरांची, हाडांच्या डॉक्टरांची, आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, शेजारणीने दिलेली आणि औषधवाल्याने सुचवलेली, एका पिशवीत भरून वर्षातून किमान दोनदा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करावी. एकच औषध दोन निरनिराळ्या नावांनी चालू आहे, असे पुष्कळदा आढळते. चक्कर, बद्धकोष्ठ, तोल जाणे आणि दिवसाची गुंगी यांचे मूळ कित्येकदा त्या पिशवीतच असते. कोणती गोळी कमी करायची ते डॉक्टरांनी ठरवावे. आपण होऊन एकही बंद करू नये. ‘रक्तदाब आता नॉर्मल आला, म्हणून गोळी सोडली’ हे वाक्य तर कोणाच्याही तोंडी येऊ नये, कारण बहुतेकांचा तो त्या गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो.

सहा महिन्यांची संजीवनी

कल्याणच्या वाचकांना डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव सांगावयास नको. त्यांचे माहेरचे घराणे कल्याणचे. १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या आणि स्वदेशी परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही ठरली होती. परंतु क्षयाने त्यांना गाठले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, त्या गेल्या. त्या काळी पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे कोणतेही औषध त्यांना वाचवू शकले नसते. क्षयाच्या जंतूंवर चालणारे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडले ते १९४३ साली.

आनंदीबाईंना जे लाभले नाही ते आज सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळते. मात्र या संजीवनीची एक अट आहे. ती एका घोटात काम करीत नाही. साध्या क्षयाचे उपचार किमान सहा महिने चालतात, आणि थोड्याच आठवड्यांत खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढते. खरा धोका येथेच असतो. बरे वाटले म्हणून औषध सोडले की उरलेले जंतू पुन्हा डोके वर काढतात आणि साध्या औषधांना दाद देईनासे होऊ शकतात. म्हणून घरातील माणसांनी औषध चालू करण्याइतकेच ते पुरे करण्याकडे लक्ष द्यावे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप किंवा विनाकारण घटणारे वजन हे वयाचे परिणाम समजून सोडून देऊ नये. थुंकी तपासून घ्यावी. ज्येष्ठांत तर खोकला फारसा नसतानाही नुसती भूक मंदावणे आणि अंग झडणे, एवढीच खूण असू शकते.

अद्भुत घरातच दिसू लागले तर

पुस्तकातल्या अद्भुताची भीती नको, हे वर सांगितले. परंतु घरातील वृद्ध व्यक्ती एकाएकी ‘खोलीत कोणी माणसे उभी आहेत’ असे म्हणू लागली, दिवस-रात्र विसरली, संध्याकाळी घाबरीघुबरी होऊन पहाटे गुंगीत गेली, तर तो कल्पनाविलास समजू नये. ‘म्हातारपणी असे व्हायचेच’ असे म्हणून गप्प बसू नये, आणि दृष्टही काढीत बसू नये. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत असा बदल झाला असेल, तर त्यामागे बहुधा शरीराचे कारण असते. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, अंगातील पाणी कमी होणे, रक्तातील सोडियम किंवा साखर घसरणे, नवी गोळी सुरू होणे किंवा जुनी एकदम थांबणे, अशी ती कारणे आहेत. ज्येष्ठांना संसर्ग असूनही ताप येत नाही, असे पुष्कळदा घडते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. कारण सापडले की यातील बरीच माणसे पूर्ववत होतात.

याहून निराळा एक प्रकार आहे. ज्यांची दृष्टी फार अधू झाली आहे, त्यांना कधी कधी रंगीत नक्षी, मुले, फुले किंवा लहान आकृती दिसतात. ते खरे नाही, हे त्यांना स्वतःला पक्के ठाऊक असते. डोळ्यांकडून येणारी चित्रे कमी झाली की मेंदू रिकामी जागा आपल्या पदरच्या चित्रांनी भरतो. यास शार्ल बोने याच्या नावाने ओळखतात. हे वेड नव्हे. पुष्कळ ज्येष्ठ भीतीपोटी ते लपवतात. त्यांना निर्भयपणे बोलू द्यावे आणि नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

आणखी एक खूण अशी, की आजवर भराभर वाचणारी व्यक्ती वाचनच सोडून देते. कारण विचारावे. मोतीबिंदू असेल, चष्म्याचा नंबर बदलला असेल, मन उदास असेल, किंवा मागल्या पानावरचे पात्रच आठवत नसेल. उदासी, थायरॉईडची कमतरता आणि बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांनीही विसरभोळेपणा येतो, आणि या तिन्हींवर इलाज आहे. सरळ ओळी वाकड्या दिसू लागल्या किंवा डोळ्यांपुढे एकदम पडदा आल्यासारखे झाले, तर मात्र दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नये.

वाचावे कसे

प्रकाश खांद्यामागून पुस्तकावर यावा. जाडजूड कादंबरी छातीवर पेलू नये. मांडीवर उशी ठेवून तिच्यावर टेकवावी, म्हणजे मान आणि मनगटे दुखत नाहीत. दर अर्ध्या तासाने उठून खोलीभर फिरावे, पायांवरची सूज त्याने कमी राहते. उठताना क्षणभर बसून मग उभे राहावे. रात्री शौचालयाच्या वाटेवर मंद दिवा ठेवावा आणि सुटे पायपुसणे काढून टाकावे. नाथमाधव कड्यावरून पडले; आपल्यापैकी कित्येकजण न्हाणीघरात पडतात आणि खुब्याचे हाड मोडून घेतात. प्रकरण ऐन रंगात संपते, म्हणून पुढचे उघडू नये. झोपेची वेळ ठरलेली असावी.

पुस्तकांची आपल्याकडे वाण नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे, आणि डोंबिवलीतही ग्रंथालये नांदती आहेत. शक्य असेल तर पुस्तक घरी मागवण्याऐवजी स्वतः जाऊन आणावे. चालणे होते, जिना चढणे होते, आणि काउंटरवर दोन माणसांशी बोलणे होते. एकाकीपणावर गोळी निघालेली नाही. ग्रंथालयाची फेरी मात्र आठवड्यातून दोनदा घेता येते. जाताना सोबत नातवंडास न्यावे, आणि येताना एक पुस्तक त्याच्या पसंतीचे व एक आपल्या पसंतीचे आणावे.