बियांचं जिरेनियम: शेंडा खुडायचा की नाही, हे कॅलेंडर ठरवतं



घरच्या घरी किंवा छोट्या शेडनेटमध्ये फुलझाडांची रोपं तयार करून विकायची, हा कमी भांडवलात सुरू होणारा व्यवसाय आहे. हिवाळ्यात पुणे, नाशिकसारख्या शहरांत कुंडीतल्या फुलझाडांना चांगली मागणी असते आणि त्यात जिरेनियमची कुंडी हमखास नजरेत भरते. पण गिऱ्हाईक कुंडी हातात घेतं तेव्हा ते काय बघतं? झाड भरलेलं आहे की नाही. एकच दांडी, वर चार पानं आणि टोकाला एक फुलांचा गुच्छ असं झाड मागे राहतं. त्याच वयाचं, पाच-सहा फुटव्यांचं गोल झाड आधी उचललं जातं.

हे भरलेपण येतं शेंडा खुडल्याने. पण शेंडा खुडण्याची एक किंमत असते आणि ती आपल्याला वेळेत मोजावी लागते. आज तोच हिशोब समजून घेऊ.

आधी एक गोंधळ दूर करू

जिरेनियम म्हटलं की आपल्याकडे अनेकांना तेलाची शेती आठवते. ते सुगंधी जिरेनियम वेगळं. त्याची लागवड काडीपासून करतात आणि पानांचं तेल काढतात. आपण बोलतोय ते कुंडीतलं, लाल-गुलाबी-पांढऱ्या गुच्छांचं शोभेचं जिरेनियम. दोन्ही पेलार्गोनियमच आणि मूळची दक्षिण आफ्रिकेकडची, पण धंदा पूर्ण वेगळा.

शोभेचं जिरेनियमही पूर्वी व्यापारी पातळीवर काडीपासूनच वाढवायचे. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात बियांपासून एकसारखी रोपं देणारी जात तयार झाली आणि तिथून बियांच्या जिरेनियमची वाट मोकळी झाली. आज बाजारात मिळणारं बी बहुतेक संकरित असतं. म्हणून आपल्याच झाडाचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं, तर तसंच झाड मिळेल याची खात्री नाही. दरवर्षी नवीन पाकीट घ्यायचं, हा खर्च हिशोबात धरा.

शेंडा खुडल्यावर झाडात काय होतं?

तुरीचे शेंडे खुडणारे शेतकरी आणि द्राक्षात सबकेन काढणारे बागायतदार हे तत्त्व रोज वापरतात. शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खाली उतरतं आणि पानांच्या बगलेतले डोळे दाबून ठेवतं. शेंडा काढला की तो दाब जातो, डोळे जागे होतात आणि एका दांडीच्या जागी तीन-चार फुटवे येतात. जितके फुटवे जास्त, तितके पुढे फुलांचे गुच्छ जास्त.

पण पहिली कळी त्याच शेंड्यातून येणार होती. ती आपण काढून टाकली. आता नवीन फुटवा निघणार, वाढणार आणि मग त्याला कळी येणार. यात साधारण दोन ते तीन आठवडे जादा जातात. थंडी जास्त असेल तर आणखी थोडे.

खुडायचं कसं?

१. रोपाला ५-६ खरी पानं आली आणि उंची १०-१२ सेंमी झाली की ते तयार आहे असं समजा. पेरणीपासून साधारण सहा-सात आठवडे लागतात.

२. कुंडीत किंवा पिशवीत लावल्यावर लगेच खुडू नका. मुळं बसू द्या. नवीन पान निघालेलं दिसलं की रोप सावरलं.

३. खालची चार पानं ठेवा आणि त्यांच्या वरचा कोवळा शेंडा पेराच्या जरा वर, अंगठा आणि तर्जनीच्या नखांनी खुडा. पेरापासून लांब खुडलं तर उरलेलं खोड वाळतं, कधी सडतं.

४. काम कोरड्या दिवशी सकाळी करा म्हणजे जखम संध्याकाळपर्यंत सुकते. त्या दिवशी वरून पाणी मारू नका. ब्लेड वापरत असाल तर मधूनमधून स्पिरिटने पुसा. जिरेनियमचं खोड बुडापासून काळं पडून सडण्याचा रोग ओलाव्यात फार लवकर पसरतो.

५. नवीन फूट दिसू लागली की १९:१९:१९ सारखं विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात आठवड्यातून एकदा द्या. नुसत्या युरियाच्या मागे लागू नका. पानं मोठी होतील आणि फुलं मागे पडतील.

६. कुंड्यांत अंतर ठेवा. पानाला पान लागलं की झाडं उजेडासाठी पुन्हा उंच पळतात आणि खुडण्याचा फायदा निघून जातो.

शेवटचा मुद्दा नीट लक्षात घ्या. रोप लांबट झालंय कारण त्याला ऊन कमी पडतंय, तर शेंडा खुडून ते सुधारत नाही. खुडल्यावर येणारे फुटवेही तसेच लांबट येतात. आधी जागा बदला, मग खुडा.

आता मुख्य हिशोब: तारखेपासून मागे मोजा

बियांचं जिरेनियम पेरणीपासून साधारण १४-१५ आठवड्यांत फुलावर येतं. एकदा खुडलं तर १७-१८ आठवडे धरा. आता तुमची विक्रीची तारीख लिहा आणि उलटं मोजा.

समजा तुम्हाला १५ डिसेंबरला फुललेल्या कुंड्या बाजारात हव्यात. १८ आठवडे मागे गेलात की पेरणी येते ११ ऑगस्टला. बी उगवायला २१ ते २४ अंश तापमान चांगलं आणि पुण्याकडच्या ऑगस्टमध्ये ते सहज मिळतं. फक्त प्रोट्रे पावसापासून आडोशाला ठेवा. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रोपं कुंडीत जातील आणि शेंडा खुडायचा तो २२ ते २९ सप्टेंबरच्या दरम्यान.

पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास असतं आणि त्या दिवसांत लोक झाडं घ्यायच्या मूडमध्ये असतात. २६ जानेवारी धरली तर हिशोबाने पेरणी २२ सप्टेंबरला येते. पण मधे थंडी लागते, वाढ मंदावते, म्हणून एक आठवडा आधी म्हणजे १५ सप्टेंबरलाच पेरा.

यातून एक सोपा नियम निघतो: विक्रीच्या तारखेला ११ आठवडे बाकी असतील तर खुडा. त्यापेक्षा कमी उरले असतील तर हात आवरा. उशीर झाला असेल तर कमी फुटव्यांचं, पण वेळेवर फुललेलं झाड विका.

पैशात हे कसं दिसतं?

पुढचे आकडे फक्त पद्धत दाखवायला घेतलेत. तुमच्या बाजारातले भाव टाकून हा हिशोब स्वतः करा.

समजा १०० कुंड्या आहेत. न खुडलेली कुंडी ७० रुपयांना गेली, म्हणजे ७,००० रुपये. खुडून भरलेली कुंडी १०० रुपयांना गेली, म्हणजे १०,०००. तीन आठवड्यांचं जादा पाणी, खत, मजुरी आणि अडलेली जागा यांचे ८०० वजा करा. उरले ९,२००. फायदा २,२०० रुपयांचा.

आता त्याच कुंड्या उशिरा खुडल्या, डिसेंबरची तारीख हुकली आणि फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापताना ६० रुपयांना काढाव्या लागल्या. ६,००० मधून ८०० गेले, हातात ५,२००. न खुडता वेळेवर विकल्या असत्या त्यापेक्षा १,८०० रुपये कमी. झाडं सुंदर, मेहनत जास्त आणि पैसे कमी! तेच काम, तोच हात, फरक फक्त तारखेचा.

कोणती रोपं खुडायचीच नाहीत?

काही नवीन बुटक्या जाती बुडापासून स्वतःच फुटतात. पाकिटावर किंवा बियाणं विक्रेत्याच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असतं. अशा जातीत खुडणं म्हणजे तीन आठवडे उगाच घालवणं. तिथे फक्त अवेळी आलेली पहिली कळी दांड्यासकट काढा.

आजारी, पिवळी किंवा पाण्याने गुदमरलेली रोपंही खुडू नका. आधी ती सावरू द्या. आणि दुसऱ्यांदा खुडायचा मोह झाला तर पुन्हा कॅलेंडर बघा, कारण आणखी दोन-तीन आठवडे जातात.

न विकलेल्या झाडांचं काय?

काही कुंड्या उरणारच. त्या फेकू नका. उन्हाळ्यात अर्ध्या सावलीत ठेवा, पाणी बेताचं द्या आणि पावसाळ्यात छपराखाली घ्या. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाड एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत छाटा. प्रत्येक फांदीवर काही हिरवी पानं आणि दोन-तीन पेरं राहू द्या, अगदी टणक झालेल्या खोडापर्यंत जाऊ नका.

छाटणीतल्या ८-१० सेंमीच्या निरोगी काड्या काही तास सावलीत सुकवून कोकोपीटमध्ये लावा. साधारण तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. ही रोपं मूळ झाडासारखीच निघतात, म्हणजे बियाण्याच्या खर्चाशिवाय थोडा माल हाताशी येतो.

विक्रीच्या वेळची एक खबरदारी: बियांच्या जिरेनियमची फुलं बहुतेक एकेरी असतात आणि हलवाहलवीत पाकळ्या गळतात. म्हणून गुच्छात एक-दोन फुलं उमललेली आणि बाकी कळ्यांनी रंग दाखवलेला असतानाच कुंडी बाजारात न्या. गिऱ्हाइकाच्या गॅलरीत ती पुढचे अनेक दिवस फुलत राहील, आणि पुढच्या वर्षी ते परत येईल ते त्याच आठवणीवर.

तुमचा गृहपाठ

पहिल्याच वर्षी हजार रोपांच्या मागे लागू नका. ४० रोपं करा. २० खुडा, २० तशीच ठेवा आणि वहीत चार रकाने आखा: पेरणीची तारीख, खुडल्याची तारीख, पहिलं फूल, विकलेला भाव. एका हंगामात ही वही तुम्हाला तुमच्या गावाचं हवामान आणि तुमचं गिऱ्हाईक दोन्ही सांगेल. पुढच्या वर्षी किती रोपं घ्यायची आणि किती खुडायची, ते या वहीवरून ठरवा.

कामाला लागा आणि पेरणीची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा!