पोडावरची तपासणी

झरी जामणी तालुक्यातल्या कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, पोचल्यावर समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षिका लगेच वही काढत नाहीत. आधी अंगणात टेकतात, म्हातारीशी बोलतात, पोरगं आपणहून जवळ येईस्तोवर थांबतात. मी सोबत गेलो तेव्हा समोर सात-आठ वर्षांचा मुलगा होता. ‘‘मॅडम, याले काईच समजत नाई,’’ आई सांगत होती. शाळेच्या यादीत त्याच्या नावापुढं ‘मतिमंद’ हा शब्द आधीच पडला होता.

बाईंनी चित्रं मांडली. बैल कुठाय? हंडा कुठाय? पोरगं गप्प. मग त्यांनी थोरल्या बहिणीला तेच कोलामीत विचारायला सांगितलं. बोट झटकन बैलावर गेलं, मग हंड्यावर. बहीण उठून त्याच्या डाव्या हाताला बसली आणि बोट थबकलं. बाई त्याच्या पाठीमागे गेल्या, ताटलीवर चमचा हळूच वाजवला. उजवीकडून वाजला की तो वळायचा, डावीकडून वाजला की नाही. कान फुटतो का, विचारल्यावर म्हातारी म्हणाली, ‘‘पावसाळाभर वायते. तेल टाकतो आमी.’’

तेल बंद, कानाच्या डॉक्टरांना दाखवणं, वर्गात उजवा कान गुरुजींकडे येईल अशी जागा आणि समजावून सांगायला कोलामी बोलणारा सोबती. बाईंनी वहीत एवढंच लिहिलं. परक्या भाषेत प्रश्न विचारून मुलाची बुद्धी मोजणं हा माझ्या मते उघड अन्याय आहे, आणि कोलामांच्या पोरांवर तो सहज होतो.

दिव्यांग हक्क कायदा २०१६चा. त्यात २१ प्रकार आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट. एका कानाच्या दोषावर तेवढं प्रमाण भरणं अवघड. पण शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या कोणत्याही मुलाला जवळच्या शाळेत जागा आहे, टक्का कितीही असो. ‘विशेष शाळेत टाका’ म्हणणाऱ्यांपुढे बाई हेच कलम ठेवतात. कानाच्या तपासणीला यवतमाळ गाठायचं म्हणजे शंभरेक किलोमीटर, आणि दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी. मायबापाची रोजी बुडते ती वेगळीच.

या कामाची माणसं मुळातच तोकडी. प्राथमिक शाळेत दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. राज्याने २०२४ मध्ये शाळांच्या केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांच्या ४,८६० पदांचा निर्णय घेतला. तोवर अनेकांची उमेदीची वर्षं कंत्राटावरच गेली होती.

परतताना बाई शाळेत थांबल्या. ‘मतिमंद’ ही नोंद कोणत्या तपासणीवरून झाली, हे त्यांनी लेखी विचारलं. दुसरा अर्ज तालुक्याला कानाच्या तपासणीचं शिबिर वेचणीच्या आधी घ्यावं म्हणून. दोन्हींवर पोच घेतल्याशिवाय त्या उठल्या नाहीत.